पाचवी मात्रा

आज तू दहा वर्षांची आहेस. खरं वय काय असेल ते असो. दुखरे गुडघे, चष्मा, मिशा असतील तर मिशा, सगळं चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेव. आत अनवाणी यायचं असतं.

गाव यवतमाळ. एप्रिल संपत आलाय, संध्याकाळचे साडेपाच. ऊन कललं तरी दिवसभर तापलेली फरशी तळव्यांना चटके देतेय. खिडकीतला कूलर घरघरतोय, वाळ्याचा ओला वास येतोय, आणि त्या घरघरीवर मात करायला कथकच्या क्लासच्या ताईंनी फोनवरचा लेहरा स्पीकरला जोडून मोठ्यानं लावलाय. चौदा मुली, एक मुलगा. मुलींच्या ओढण्या तिरक्या घेऊन कमरेला गाठ मारलेल्या. मुलाला ओढणी नाही, म्हणून तो सारखा टी-शर्ट खाली ओढतो.

तुझ्या एकेका पायात पंचवीस घुंगरं आहेत. पांढऱ्या दोरीत ओवलेली. सैल बांधली तर घोट्यावरून घसरतात, घट्ट बांधली तर रात्री झोपताना पायावर वळ दिसतात. पुढच्या बॅचच्या मुली पन्नास बांधतात, विशारदवाल्या दीदी शंभर. त्या जिना चढून येतात तेव्हा त्यांच्या पिशवीचाच आवाज होतो. तुला ती पिशवी हवी आहे. नाच नंतर, आधी पिशवी.

ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. उजवा, डावा, उजवा, डावा. मग डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथी मात्रा डाव्या पायावर पडते आणि पाचवीसुद्धा डाव्याच पायावर. माणूस असं कधी चालत नाही. पहिलं पाऊल टाकल्यापासून शरीराला एवढंच ठाऊक, की डाव्यानंतर उजवा. कथकच्या पहिल्याच धड्यात ती सवय मोडायची. संथ लयीत तुला ते जमतं. दुगुणीत निभतं. चौगुणीत मात्र चार पावलं एका मात्रेत बसवताना डावा पाय स्वतःच्याच आवाजाला दचकतो आणि उजवा मध्ये घुसतो. झालं, सगळी ओळ उलटी.

"थांब," ताई म्हणतात. "पाय नको. हातानं ताल दे आणि तोंडानं म्हण."

याला पढंत म्हणतात. तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिली, पाचवी आणि तेरावी टाळीची, नववी खाली. तोंडानं तू कधीच चुकत नाहीस. तोंडाला डावं-उजवं नसतं.

परीक्षा आठ दिवसांवर आलीय. प्रारंभिक. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ही पहिली पायरी. त्यानंतर प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. एकही वर्ष बुडलं नाही तर विशारद व्हायला सात वर्षं लागतात. त्याही वर अलंकार आहे, पण तिथवर नजर टाकली की मान दुखते. आत्ता तुझ्याकडे तत्कार, म्हणजे हेच ता थेई थेई तत्, आहे, दोन-चार साधे तोडे आहेत, हस्तमुद्रांची नावं आहेत. पुढं आमद येईल, परण येईल, गत येईल, झपतालाच्या दहा मात्रा येतील, धमाराच्या चौदा येतील, लेखी पेपर येईल. अभिनय सगळ्यात शेवटी उमजतो आणि त्याला मार्क कसे द्यायचे याचं कोडं परीक्षकालाही असतं.

बाबांना या सगळ्या यादीतली एकच ओळ पाठ आहे. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. बाबांना हसू नये. नाचाच्या क्लासची फी घरात मान्य करून घ्यायला कारण लागतं आणि हे कारण चालतं. फक्त होतं असं, की मध्यमाच्या सुमाराला, नववी-दहावीच्या ट्यूशन सुरू झाल्या की, हॉलमधली गर्दी विरळ होते. गुण पदरात पडलेले असतात. खरं नाचणं तिथून पुढं सुरू होणार असतं.

रात्री घरी तू पुन्हा सुरू करतेस. ता थेई थेई तत्, आ…

"काऊन वं माय," आजी आतून ओरडते, "काय धाडधाड करून रायली? खालचे लोकं भांडाले येतीन. जेवाले चाल."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले असताना तू घुंगरांची पिशवी घेऊन निघतेस. जुन्या स्टेशनाकडे. तिथं हल्ली कुणी जात नाही. शकुंतला रेल्वे बंद पडली, रूळ गवतात गेले. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, अडीच फुटी अरुंद रूळ, किलिक निक्सन नावाच्या विलायती कंपनीनं वऱ्हाडचा कापूस वाहून न्यायला घातलेले. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं आणि १९९४पर्यंत याच रुळांवर धापा टाकत राहिलं. आजी सांगते, तिला कुणी कधी घाई करताना पाहिलं नाही. चालत्या गाडीतून उतरायचं, शेतातली बोरं तोडायची, परत चढायचं.

आज ती फलाटाला लागलेली आहे. तू चढतेस. टीसी येतो.

"तिकीट?"

तू पिशवी उघडून दाखवतेस. तो शांतपणे घुंगरं मोजतो.

"पन्नास. बस. कुठंही जाता येईल. उतरशील तिथं मात्र नाचून दाखवावं लागतं."

लाडखेड गेलं, दारव्हा मोतीबाग गेलं, कारंजा गेलं. कपाशीची शेतं मागं पळतात आणि हळूहळू वर्षंही पळू लागतात. मूर्तिजापूरला खरं तर गाडी बदलायची, पण आज शकुंतलाच पुढं निघते. कल्याणच्या पुढं घाट सुरू होतो. शकुंतलेत बसलं की माणूस कुणाकडे जाणार? आईकडे. तू मेनकेकडे चालली आहेस.

खंडाळा, १९३९. बाहेर धुकं इतकं दाट, की झाडं पुसून टाकल्यासारखी. यवतमाळच्या उन्हातून आलेल्या तुला आधी नुसता श्वास घ्यावासा वाटतो. या बंगल्यात मॅडम मेनका यांचं नृत्यालयम आहे, गेल्याच वर्षी सुरू झालेलं. बाईंचं खरं नाव लीला सोखी. माहेर बंगाली, यजमान कर्नल साहिबसिंग सोखी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक. बड्या घरची सुशिक्षित बाई स्टेजवर कथक नाचते, हेच त्या काळात लोकांच्या पचनी पडणं अवघड. त्यात बाईंनी पथक काढलं, त्याला चक्क 'इंडियन बॅले' म्हटलं आणि १९३६ ते ३८ युरोपभर फिरवलं. बर्लिनच्या ऑलिंपिकच्या जोडीनं भरलेल्या नृत्यस्पर्धेत १९३६ साली बक्षीसही मिळवून आल्या.

बॅले हा शब्द तू टीव्हीवरच ऐकलेला. गुलाबी बूट, बोटांच्या टोकावर उभ्या मुली. इथं मात्र बॅले म्हणजे एक सलग गोष्ट, जी पुष्कळ जण मिळून नाचतात. एका दालनातून तत्काराचा आवाज येतोय, तिथं लखनवी अंगाचं कथक शिकवतात. दुसरीकडे कथकली, पलीकडे मणिपुरी. ओळीत तुझ्याच वयाची एक मुलगी उभी आहे, सावळी, काटक. दमयंती जोशी. मेनकाबाईंनी तिला आपल्याकडे वाढवायला मागितलं आणि तिच्या आईनं, वत्सलाबाईंनी, मुलगी पुरती दिली नाही, वाटून घेतली. दोघी मिळून तिच्या आया. शाळकरी वयातच ती या पथकाबरोबर युरोपातल्या राजधान्या नाचून आलीय. पुढं १९७० साली तिला पद्मश्री मिळेल. आत्ता ती फक्त घाम पुसतेय.

तू शोधतेस, इथं पायऱ्या कुठल्या? कोण प्रारंभिकला, कोण मध्यमाला? भिंतीवर तसं काही लावलेलं नाही. समूहात तुला कुठं उभं केलं, तुझ्यावर गोष्टीतलं कुठलं काम सोपवलं, त्यावरून तू कुठवर पोचलीस ते कळायचं. अशी जागा भाग्यानं मिळते. बाईंची नजर पडली, आईनं होकार दिला, पंडितजींना पाय आवडले, तर तुझं आयुष्य बदललं. नजर पडली नाही, तर तू मुंबईतल्या एखाद्या चाळीत गरब्यापुरती नाचत राहिलीस. आणि युद्ध भडकल्यावर हे नृत्यालयमही फार वर्षं तग धरणार नाही.

तालमीत जे बसवताहेत त्याचं नाव ऐकून तू कान टवकारतेस. मालविकाग्निमित्र. ताईंनी एकदा सांगितलं होतं, मालविका आपल्या विदर्भाची. तिचीही परीक्षा झाली होती म्हणे.

"नाच," कुणीतरी तुला म्हणतं. तू सुरू करतेस. चौगुणीत पाचव्या मात्रेवर उजवा पाय मध्ये घुसतो. कुणी रागावत नाही. गाडीची शिट्टी होते.

पीटर्सबर्ग, १८९१. शकुंतला इथं बर्फातून येते, हे तिच्या तब्येतीला मानवत नाही. थिएटर स्ट्रीटवरची झारची नृत्यशाळा. १७३८ साली लांदे नावाच्या फ्रेंच नृत्यगुरूनं राजवाड्यातल्या नोकरांची बारा मुलं आणि बारा मुली घेऊन ही सुरू केली. आता दाराशी आयांची रांग असते. आत गुरुजी आहेत, पण त्यांच्याइतकेच महत्त्वाचे डॉक्टर आहेत. पाठीचा कणा बघतात, गुडघे, घोटे, छाती, सगळं तपासतात. नाच येतो का, हे कुणी विचारतच नाही. तो शिकवायला ते बसलेत. त्यांना हाडं हवीत.

रांगेत एक किडकिडीत पोर आहे. धुणं धुणाऱ्या बाईची मुलगी. वर्षभरापूर्वी 'स्लीपिंग ब्यूटी' पाहून हट्ट धरून बसलेली. आधी एकदा लहान आणि अशक्त म्हणून तिला परत पाठवलं होतं. या खेपेला घेतात. ॲना पावलोवा. इथून बाहेर पडायला तिला आठ वर्षं लागतील आणि मग सगळं जग तिला बघायला रांग लावेल. मुंबईही.

इथल्या पायऱ्या अंगावर दिसतात. नव्या मुलींचा झगा तपकिरी. चांगली प्रगती केली तर गुलाबी. सर्वोत्तम ठरलीस तर पांढरा. जेवणाच्या टेबलाशी बसलेली कुठलीही मुलगी कुठवर पोचलीय, हे वाढणाऱ्या बाईलासुद्धा कळतं. तुझ्या पिशवीतल्या घुंगरांसारखंच, फक्त आवाज न करणारं. टोकावर उभं राहायचे ते बूट तर इतक्यात मागायचेच नाहीत. घोटे आणि पावलांची हाडं तयार होईपर्यंत, म्हणजे साधारण अकरा-बारा वर्षांची होईपर्यंत, मऊ चपटे बूट घालून भिंतीलगतचा लाकडी बार धरायचा आणि गुडघे वाकवायचे. आठवड्याचे सहा दिवस. वर्षभर. मग पुढचं वर्ष.

बाराशी तुला उभं करतात. पावलांच्या पाच ठेवणी आहेत, फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात ठरलेल्या. पहिलीत टाचा जुळवून पावलं दोन्हीकडं उघडायची. दुसरीत त्यांच्यात अंतर. असं करत पाचवीत एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना भिडवायची, दोन्ही पावलं उलट्या दिशांना तोंड करून. तुझा पाय कथकचा. सरळ समोर बघणारा, सपाट, जमिनीला थापटणारा. तू पाचवी घेतेस आणि धपकन बसतेस. इथंही पाचवीच. तुझ्या पाचवीलाच पुजलेली दिसते ही पाचवी.

मला विचाराल तर या शाळेचं मला थोडं भय वाटतं. मुलाचं शरीर ही सरकारी मालमत्ता असल्यासारखं ते मोजतात, दहाव्या वर्षी हो किंवा नाही सांगतात. ज्यांना नाही म्हटलं त्यांची नावं इतिहासात नाहीत. पण वाढत्या हाडांवर घाई करू नये, ही अक्कलही इथलीच. आपल्याकडे सात वर्षांच्या पोरीला गॅदरिंगसाठी गुडघ्यांवर गरागरा फिरवणाऱ्यांनी ती घ्यावी.

आणखी मागं. रूळ दक्षिणेकडं वळतात.

तंजावर. १८२० नंतरची काही वर्षं. दुपारची गरम हवा बघून बरं वाटतं, यवतमाळसारखी आहे. राजवाड्याच्या ओसरीवरून तू जात असतेस आणि एकदम थबकतेस. आत कुणीतरी मराठीत गातंय. तामिळ मुलखात, कावेरीच्या काठी, मराठी! थोडी वेगळी, जुनी, पण मराठी. गादीवर दुसरे सरफोजी महाराज आहेत, भोसले. दवाखाना, ग्रंथालय, छापखाना यांत रमणाऱ्या या राजाच्या नावावर नाचासाठी रचलेली मराठी निरूपणं आहेत. 'कोरव्यांच्या साहित्याचे जिन्नस' या नावानं ती हस्तलिखितं सरस्वती महालात राहिली. फार पुढं मुंबईत आचार्य पार्वतीकुमार ती धुंडाळून पुन्हा रंगमंचावर आणतील.

एकेका निरूपणात अठरा टप्पे. 'जय जय'नं सुरुवात, मग शरणु, अलारू, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना, असं करत शेवटी मंगळ. अठराही टप्प्यांतून एकच कथा पुढं सरकते. याच दरबारात चार तरुण भाऊ आहेत, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु. आज ज्याला भरतनाट्यम म्हणतात त्याचा सगळा क्रम या चौघांनी लावून दिला. आधी अलारिप्पू, फूल उमलावं तसं डोळे, मान, खांदे एकेक करून उघडणारं. मग जतिस्वरम, शब्दम, मग दम काढणारं वर्णम, मग पदं, शेवटी तिल्लाना. एका मैफलीचा क्रम आणि शिकण्याचा क्रम जवळपास एकच. मुलगी जितकी वर्षं शिकते तितकीच लांब ती एका रात्रीत नाचते, असं म्हणायला हरकत नाही.

कोपऱ्यात नट्टुवनार बसलेत. समोर लाकडी ठोकळा, हातात आखूड दांडी. सात-आठ वर्षांच्या मुली गुडघे बाहेर काढून अर्ध्या बसल्यासारख्या उभ्या. तू त्यांच्या शेवटी जाऊन उभी राहतेस. ठोकळ्यावर ठोका पडतो. पहिल्या धड्यात एकेक पाय, उजवा, डावा, उजवा, डावा. हे तुला येतं. दुसऱ्यात उजवा, उजवा, डावा, डावा. तिसऱ्यात तीन तीन. आजही भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीचे पहिले धडे असेच असतात.

डावा, डावा.

तू पुन्हा करतेस. डावा, डावा. पहिल्या आघातानंतर पाय उचलायला वेळ कुठून मिळतो, ते तुझ्या लक्षात येतं. वजन उजव्यावर आधीच जाऊन बसलेलं असतं. पहिला डावा पडतो तेव्हाच शरीर पलीकडं गेलेलं असायला हवं, मग दुसऱ्यासाठी डावा मोकळाच असतो. इतके दिवस तू डाव्यावर उभी राहून डावाच उचलायला बघत होतीस. हे तुला ताईंनी शंभरदा सांगितलं होतं, "वजन टाकू नको" असं. त्या वाक्याचा अर्थ तुला तंजावरला येऊन कळला.

शेजारची मुलगी तुझ्याकडे बघून हसते. तुला तिला विचारावंसं वाटतं, तुझी परीक्षा कधी? तिची परीक्षा म्हणजे अरंगेत्रम, पहिल्यांदा सगळ्यांसमोर नाचायचा दिवस. पण त्याआधीची प्रवेश-परीक्षा ती जन्मतानाच पास झालेली आहे. ती ज्या घरात जन्मली त्या घरातल्या मुलीच इथं उभ्या राहतात. त्यांच्यासाठी ही वाट सक्तीची, इतरांसाठी बंद. यवतमाळच्या बँकेतल्या कारकुनाच्या मुलीला इथं कुणी उभं केलं नसतं. आणि शंभर वर्षांनी समाजसुधारणेचं वारं सुटेल, तेव्हा हिच्याच पणतीला नाच सोडायला लावतील आणि तो नाच चांगल्या घरच्या मुली क्लास लावून शिकतील. हा हिशेब आपण मराठी माणसांनीही अजून नीट मांडलेला नाही.

आणखी मागं. इथं रूळ नाहीतच. शकुंतला कालिदासाच्या नाटकात शिरते, ते तिचं माहेरच आहे.

विदिशा. अग्निमित्र राजाचा महाल. दोन नाट्याचार्य भांडताहेत, गणदास आणि हरदत्त. कोण श्रेष्ठ? क्लासवाल्यांची भांडणं किती जुनी आहेत बघ. शेवटी ठरतं, की गुरूंनी आपापली शिष्या नाचवावी आणि त्यावरून निकाल द्यावा. गणदासाची शिष्या मालविका. विदर्भाची राजकन्या, वाटेत दरोडा पडून ताटातूट झालेली, इथं दासी म्हणून राहणारी. परीक्षक आहेत परिव्राजिका कौशिकी. त्या सांगतात, वेशभूषा जड नको, अंगाची ठेवण दिसली पाहिजे. तुझ्या ताईही घागरा घालून येऊ देत नाहीत, गुडघे दिसत नाहीत म्हणून.

मालविका येते. घाबरलेली. चार भागांचं एक अवघड गीत ती अभिनयासह सादर करते. राजा पापणी लववत नाही. खरी मेख तिथं आहे. ही परीक्षा राजाला मालविका बघता यावी म्हणून विदूषकानं जुळवून आणलेली आहे. गुरूंना वाटतंय आपला मान पणाला लागलाय, राणीला संशय आलाय, आणि जिची परीक्षा चाललीय तिला कुणी काही विचारलेलंच नाही. नाच संपल्यावर ती निघू लागते तर विदूषक काहीतरी चूक काढून तिला थांबवतो, राजानं अजून थोडं बघावं म्हणून. तिच्यात काय उणं काढायचं? तर म्हणे, पहिल्या प्रयोगाला आधी ब्राह्मणाची पूजा करायची असते, ती राहिली. निकाल गणदासाच्या बाजूनं लागतो. मार्क गुरूला, नजर राजाची, घाम मालविकेचा.

एक गंमत नाटक शेवटाकडं उघड करतं. परीक्षक कौशिकीबाईही विदर्भाच्याच, मालविकेला पहिल्यापासून ओळखणाऱ्या. आपल्या मंडळाच्या नियमात हे बसलं नसतं. तिथं परीक्षक बाहेरगावचा लागतो.

तुला मालविकेला सांगायचं असतं, की दोन हजार वर्षांनी खंडाळ्यात तुझी गोष्ट नाचतात. पण गाडी मागं सरकू लागलेली असते. म्हणजे पुढं.

येताना ती एकाच ठिकाणी नीट थांबते. लाहोर, ५ मे १९०१. कुरुंदवाडचा एक तिशीच्या आतला गवई, विष्णू दिगंबर पलुस्कर, गाण्याची शाळा उघडतोय. लहानपणी फटाक्यांनी डोळे अधू झालेले. मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकून निघाला आणि गुरूच्या घरी पाणी भरून मिळणारी विद्या त्यानं वर्गात आणून ठेवली. ठरलेला अभ्यासक्रम, छापलेली पुस्तकं, इयत्ता, परीक्षा. कुणीही यावं, फी भरावी, शिकावं. घराणेदार लोक हसले असतील. गाणं का पावशेरानं मोजून देतात? पण पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ साली शिष्यांनी याच पायावर मंडळ उभं केलं आणि पुढं त्याच्या परीक्षांमध्ये नाचही आला.

पुण्यावरून जाताना गाडी नुसती मंदावते. १९४७. मेनकाबाई याच वर्षी गेल्या आणि याच वर्षी रोहिणी भाटे यांनी 'नृत्यभारती' सुरू केली. मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या मुली, आयांच्या कपाळावरच्या आठ्या ओलांडून, कथक शिकायला येऊ लागल्या. तुझ्या ताईंच्या ताईंच्या ताई त्यांतल्याच कुणीतरी असतील. पुढं नवी मुंबईजवळ तुला एक मुलगा दिसतो, वेल्डरचा पोरगा अमीरुद्दीन शाह. येहुदा माओर नावाच्या इस्रायली गुरूजींकडे मुंबईत बॅले शिकला आणि २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. झारच्या डॉक्टरांनी त्याचं वय ऐकूनच परत पाठवलं असतं.

आता सांगते, माझं मत काय ते. सर्टिफिकेटांच्या या शिडीला नावं ठेवायची फॅशन आहे. विशारद झालेली मुलगी नाचतेच असं नाही, हे खरंच. पण तू आज जे पाहिलंस त्यात खंडाळ्याला नशीब लागत होतं, पीटर्सबर्गला हाडं, तंजावरला जन्म आणि विदिशेला तर राजाची लहर. यवतमाळला एक फॉर्म लागतो. तो कुणालाही भरता येतो.

परीक्षेचा दिवस. शाळेतला वर्ग, बाकं भिंतीला लावलेली. परीक्षक बाहेरगावच्या बाई, चष्मा नाकावर, समोर स्टीलच्या ग्लासात ताक. बाहेर मुलींच्या आया एकमेकींच्या मुलींच्या वेण्या बघताहेत.

"तीनतालात खाली कितव्या मात्रेवर?"

"नवव्या."

"पढंत कर." करतेस. "आता तत्कार. बराबर, दुगुण, चौगुण."

तू जमिनीला हात लावून नमस्कार करतेस. बराबर होतो. दुगुण होतो. चौगुणीत पहिला डावा पडतो तेव्हा तू उजव्यावर गेलेली असतेस. डावा, डावा. पन्नास घुंगरांचा एकच आवाज येतो. दुसरं आवर्तन नीट. तिसऱ्यात तुला आपण नीट करतोय हे लक्षात येतं आणि तेवढ्यानंच आठव्या-नवव्या मात्रेला घोळ होतो. तिथं उजवा-उजवा आहे, हे तू विसरलेलीच होतीस. पण समेवर मात्र येतेस.

बाई काहीतरी लिहितात. वर न बघता म्हणतात, "पुढची मुलगी."

बाहेर आजी उभी आहे, पदरानं वारा घेत. "झाला काय वं पेपर? चाल मंग, रस पिऊ."

ताई मागून येतात. "उद्या साडेपाचला. चौगुण अजून कच्ची आहे."

तुझ्या चपला दाराबाहेर उजव्या हाताला आहेत. गुडघे, चष्मा, सगळं तिथंच आहे, कुणी नेलेलं नाही. जोड मात्र नीट बघून घाल. मागच्या आठवड्यात एक मुलगी दोन्ही डाव्याच घालून गेली.